खिशांतला टेलिफोन आणि डोंगराआडचीं घरें

टेलिफोन ही वस्तु आमच्या घरांत आली ती घराची म्हणून आली. भिंतीलगत एक तिपाई, तिजवर काळें यंत्र, त्यावर कोणी हौसेनें विणलेलें आच्छादन, आणि घंटा वाजली कीं वडील मंडळींपैकीं कोणी तरी उठून ‘कोण बोलतें?’ म्हणून विचारावयाचें, हा क्रम बहुतेक वाचकांच्या घरीं पुष्कळ वर्षें चालला. नंबर घराचा असे. माणूस त्या वेळीं घरांत असला तर भेटावयाचा, नसला तर त्याच्यासाठीं निरोप ठेवावयाचा. सेल्युलर फोनानें या व्यवस्थेंत तारा काढून टाकल्या, असें सामान्यतः समजतात. आमच्या मतें त्याचा खरा पराक्रम निराळा आहे. त्यानें नंबर घराकडून काढून माणसाच्या हातीं दिला. आणि माणूस म्हटला कीं तो हिंडणार. आज नसरापुरास, उद्यां भोरास, परवां नागपुरास. अशा हिंडत्या माणसाच्या खिशांतली घंटा चार-सहा सेकंदांत नेमकी कशी वाजते? चांगले शिकलेले लोकहि या प्रश्नास ‘उपग्रहावरून’ असें उत्तर देऊन मोकळे होतात. तें उत्तर चुकीचें आहे, आणि खरें उत्तर त्याहून पुष्कळ मौजेचें आहे.

बिनतारी म्हटलें कीं पूर्वीं लोकांच्या डोळ्यांपुढें अंतर उभें राही. १९२७ सालीं आमच्या पुणें जिल्ह्यांतच, संदेश पाठविण्यासाठीं खडकीस व घेण्यासाठीं दौंडास, अशीं दोन बिनतारी केंद्रें सुरू झालीं, आणि समुद्राखालच्या तारेवांचून विलायतेस संदेश जाऊं लागले. त्या काळीं हांक जितकी दूर पोंचेल तितकी ती थोर. सेल्युलर फोनाची रीत याच्या अगदीं उलट आहे. येथें हांक लवकर विरली पाहिजे. मनोऱ्याभोवतीं दोन, पांच, फार तर दहा-पंधरा किलोमीटरांत तिचा जीव संपला पाहिजे. हें दौर्बल्य मुद्दाम योजिलेलें आहे, आणि सारी इमारत त्याच्याच पायावर उभी आहे.

कारण असें कीं, हवेंतून बोलावयाचें म्हणजे प्रत्येक संभाषणास स्वतःची अशी एक लहर लागते. या लहरींचे पट्टे मोजके. सरकार ते वांटून देतें. नवे कोणास निर्माण करतां येत नाहींत. न्यूयॉर्क शहरांत १९७६ सालीं मोटारींतून बोलण्याचे टेलिफोन होते. परंतु साऱ्या शहरासाठीं मार्ग अवघे बारा. परिणाम हा कीं त्या प्रचंड नगरींत सुमारें साडेपांचशें लोकांसच ती सोय देतां आली, आणि हजारों लोक नांवें नोंदवून वाट पाहत बसले. आपल्याकडचा हिशेबहि करून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्र व गोवा मिळून जो विभाग केला होता (मुंबई त्यांतून वेगळी), त्यासाठीं प्रारंभीं एका कंपनीच्या वांट्यास बोलणें नेण्याकरितां ४.४ व आणण्याकरितां ४.४ मेगाहर्ट्झ एवढीच जागा होती. त्या जागेंत २०० किलोहर्ट्झांचे २२ पट्टे बसतात, आणि एका पट्ट्यावर ८ संभाषणें चालतात. बाविसें आठें १७६. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या मुलुखांत एका वेळीं १७६ संभाषणें! एवढ्यावर धंदा तर सोडाच, एका मोठ्या लग्नाचीं आमंत्रणेंहि व्हावयाचीं नाहींत.

यांतून वाट कशी काढावी हें बेल प्रयोगशाळेंतील डग्लस रिंग यांनीं १९४७ च्या डिसेंबरांतच एका टिपणांत मांडलें होतें. त्यांची कल्पना आपल्या मुलुखांतल्या एका उदाहरणानें चांगली समजेल. पुण्याहून साताऱ्याकडे जातांना सुमारें ३५ किलोमीटरांवर चेलाडीचा फाटा लागतो. तेथून आंत वळलें कीं नसरापूर, आणि गांवाजवळच गर्द राईंत, शिवगंगेच्या कांठीं नानासाहेब पेशव्यांच्या काळचें बनेश्वराचें देवालय. तेथें पोर्तुगिजांकडून आणलेली एक घंटा आहे. ती १६८३ सालची म्हणून सांगतात. ही घंटा वाजली तर राईंतल्या माणसास ऐकूं येते, भोरांत ऐकूं येत नाहीं. म्हणून अगदीं त्याच सुराची दुसरी घंटा भोरांतल्या एखाद्या देवळांत खुशाल टांगावी. बनेश्वराच्या भक्ताचा गोंधळ होणार नाहीं. मात्र तीच घंटा शेजारच्या वाडींत टांगली तर कोणती घंटा कोणाची हें कळेनासें होईल. तेव्हां शेजाऱ्यांच्या घंटा निराळ्या सुरांच्या, आणि चार गांवें टाकून पुन्हा पहिला सूर, अशी वांटणी केली कीं थोडक्या सुरांत सारा महाराष्ट्र भरून निघतो.

सेल्युलर या शब्दांतील ‘सेल’ तो हाच. मधमाशांच्या पोळ्यांतील घरांप्रमाणें मुलुखाचीं घरें पाडावयाचीं, प्रत्येक घरास एक मनोरा द्यावयाचा, आणि चार किंवा सात घरांचा गट करून सगळे पट्टे त्या गटांत वांटावयाचे. पुढचा गट आला कीं तेच पट्टे पुन्हा. चार घरांचा गट धरला तर आमच्या २२ पट्ट्यांपैकीं एका घराच्या वांट्यास पांच येतात, म्हणजे ४० जागा. त्यांतल्या दोन-तीन व्यवस्थेच्या निरोपांत खर्ची पडतात. उरलेल्या सदतीस-अडतीस जागांत किती गिऱ्हाइकें सामावतील? हजाराच्या आसपास, कारण सर्वजण एकाच वेळीं बोलत नाहींत. पन्नास पाटांवर दोनशें पानें पंक्तीपंक्तीनें कशीं उठतात, हें ज्या गृहिणींनीं पाहिलें आहे त्यांस हें गणित नवें नाहीं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतले गणिती एर्लांग यांनीं १९०९ सालीं तें शास्त्ररूपानें मांडण्यास प्रारंभ केला, एवढेंच. गिऱ्हाइकें वाढलीं तर घरें लहान करावयाचीं. म्हणून शहरांत मनोरे हांकेच्या अंतरावर आणि खेड्यांत दूर दूर.

कल्पना १९४७ ची, पण ती अमलांत येण्यास तीस वर्षें लागलीं. कारण असंख्य घरांचा हिशेब क्षणोक्षणीं ठेवणारीं गणकयंत्रें तोंवर नव्हतीं. हातांत धरावयाच्या यंत्रावरून मार्टिन कूपर यांनीं न्यूयॉर्कांत ३ एप्रिल १९७३ रोजीं पहिलें बोलणें केलें. टोकियोस १९७९ मध्यें मोटारींसाठीं ही सेवा सुरू झाली, शिकागोस १९८३ मध्यें. शिकागोच्या त्या काळीं विकलें जाणारें यंत्र वजनानें सुमारें ८०० ग्रॅम, किमतीनें ३,९९५ डॉलर, आणि बोलणें अर्ध्या तासाचें! आपल्या देशांत ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसू यांनीं दिल्लीस दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशीं बोलून या सेवेचा आरंभ केला. पुढें बिर्ला ए. टी. अँड टी. ही कंपनी महाराष्ट्र विभागांत १९९७ सालीं काम करूं लागली. दर मिनिटास सोळा रुपयांपर्यंत असत, आणि दुसऱ्यानें आपणांस फोन केला तरी पैसे आपणच द्यावयाचे! घंटा वाजतांच ती न उचलतां नंबर पाहून, समोरच्या पिंवळ्या फलकाच्या एस. टी. डी. दुकानांतून उलट फोन करणारे चतुर लोक त्या वेळीं पुष्कळ होते. घंटेला पैसे पडत नाहींत हें त्यांनीं हेरलें होतें. येणाऱ्या फोनाचा आकार २००३ मध्यें गेला तेव्हां कोठें हें यंत्र सामान्य कुटुंबांत शिरलें.

युरोप-अमेरिकेंतील पहिल्या पिढीच्या फोनांत आवाज लहरीवर जसाच्या तसा चढविलेला असे. आपल्याकडे ती पिढी आलीच नाहीं. आम्ही एकदम दुसऱ्या पिढीपासून, जी. एस. एम. पद्धतीपासून, सुरुवात केली. या पद्धतींत आवाजाचे तुकडे करून त्यांचे आंकडे बनवितात. एकाच पट्ट्यावर आठ माणसें पाळीपाळीनें बोलतात. प्रत्येकाची पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम निम्मी, आणि ती सेकंदांत २१७ वेळां येते. पूर्वीं रेडिओजवळ असला फोन ठेवला असतां घंटा वाजण्याच्या अगोदरच रेडिओंत ‘घर्र घर्र’ असा आवाज येई, हें आमच्या वाचकांस स्मरत असेल. पुष्कळांस तो शकुनासारखा वाटे. तो ह्याच २१७ ठोक्यांचा आवाज होय. घंटा वाजण्यापूर्वीं फोन मनोऱ्याला ‘मी येथें आहें’ असें उत्तर देत असतो, तें रेडिओच्या कानीं पडतें.

आतां तें उत्तर कोणत्या प्रश्नाचें, हें पाहूं. माहेरपणास गेलेल्या सुनेच्या नांवें पत्र आलें तर तें प्रथम सासरच्या पत्त्यावर येतें. सासरची मंडळी म्हणतात, ती सध्यां माहेरीं आहे. आणि पत्र तिकडे रवाना होतें. सेल्युलर कंपनीजवळ अशाच दोन वह्या असतात. एक घरची वही. तींत गिऱ्हाइकाचें कायमचें नांव व तो सध्यां कोणत्या केंद्राच्या हद्दींत आहे एवढी नोंद. दुसरी त्या त्या केंद्राची पाहुण्यांची वही. तींत आजघडीला हद्दींत वस्तीस असलेले सर्वजण. फोन सुरू केला कीं तो मनोऱ्यामार्फत केंद्रास आपली वर्दी देतो. ही वर्दी खरी कीं तोतयाची, याची परीक्षा होते ती अशी : केंद्र एक मोठा आंकडा पाठवितें, फोनांतील सिमच्या पोटांत एक गुप्त किल्ली असते, तिच्या साह्यानें सिम त्या आंकड्याचें उत्तर काढून परत पाठवितें. गुप्त किल्ली स्वतः कधींच हवेंतून जात नाहीं. गडाच्या दरवाजावरील परवलीचा शब्द चोरून ऐकतां येई. येथें दर वेळीं नवा प्रश्न आणि नवें उत्तर.

एकदां वर्दी दिल्यावर फोन मनोऱ्याशीं सारखा बोलत राहतो, असा समज आहे. तसें नाहीं. तो बहुतेक वेळ मुकाट्यानें ऐकत असतो. कांहीं तासांनीं एकदां, अथवा एका मोठ्या हद्दींतून दुसऱ्या हद्दींत गेल्यावर, तो पुन्हा वर्दी देतो. अशा एका हद्दींत अनेक मनोरे असतात. म्हणजे पुण्याहून कोणी नसरापुरास फोन केला तर कंपनीस एवढेंच ठाऊक असतें कीं माणूस या बाजूस कोठें तरी आहे. मग मोठ्या वाड्यांत पाहुणा दारांत येऊन ‘अप्पा आहेत का?’ म्हणून विचारतो आणि तीच हांक चौकाचौकांतून फिरते, तशी त्या हद्दींतील सर्व मनोऱ्यांवरून त्या नंबराची हांक फिरते. ज्याचा नंबर तोच फोन ‘ओ’ देतो. ज्या मनोऱ्यानें ती ‘ओ’ ऐकली त्याच्याकडे बोलण्याचा मार्ग उघडतो. आणि मग घंटा वाजते.

या सगळ्यांत बिनतारी भाग किती? फोनापासून मनोऱ्यापर्यंतचा, एवढाच. मनोऱ्यापासून पुढें बोलणें तारेनें, अथवा मनोऱ्यावरच्या वाटोळ्या परातीसारख्या साधनानें दुसऱ्या मनोऱ्याकडे, आणि तेथून केंद्राकडे जातें. समजा केंद्र पुण्यास आहे. मग नसरापुरांतला मनुष्य आळीपलीकडच्या माणसाशीं बोलला तरी त्याचे शब्द कात्रज ओलांडून पुण्यास जाऊन परत यावयाचे. ओटीवरून हांक मारणें स्वस्त पडलें असतें!

बोलतां बोलतां माणूस चालूं लागला तर काय? पुणें-भोर गाडींत कोणी बसला आहे आणि खेड शिवापुरापासून कापूरहोळपर्यंत त्याचें बोलणें चालूं आहे, असें समजूं. बोलत असतांना त्याचा फोन मधल्या रिकाम्या क्षणांत शेजारच्या मनोऱ्यांचे आवाज ऐकत असतो, आणि कोणाचा किती जोर आहे याची नोंद सेकंदांत सुमारें दोन वेळां कळवितो. मागचा मनोरा मंद व पुढचा तेज होत चालला कीं केंद्र हुकूम देतें : अमुक पट्ट्यावर अमुक पाळी घे. पालखीचे भोई खांदा बदलतात तसाच हा प्रकार आहे. भेद एवढा कीं नवा भोई खांदा लावून मग जुना निघतो, येथें जुना निघाल्यावर पापणी लवण्याच्या आंत नवा लागतो. पुढच्या घरांत जागा शिल्लक नसली, किंवा बोगद्यांत अथवा डोंगराच्या वळणावर नवा भोई वेळेवर भेटला नाहीं, तर पालखी खालीं येते. ‘फोन कटला’ म्हणतात तो असा.

डोंगर म्हटला कीं आमच्या भोर-वेल्ह्याची गोष्ट येते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं कोंढाणा सर झाला तेव्हां गडावरील पागेचे खण पेटवून राजगडास खूण दिल्याचें सभासदाच्या बखरींत सांगितलें आहे. राजगडावर महाराजांनीं तो उजेड पाहिला. परंतु मधल्या खोऱ्यांत, डोंगराच्या कुशींत निजलेल्या गांवास तो दिसला नसेल. सेल्युलरची लहर या बाबतींत उजेडाच्याच जातीची आहे. तिची लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर. म्हणूनच पहिल्या फोनांच्या डोक्यावर तिच्या चौथाईएवढी, तीन-सव्वातीन इंचांची शेंडी असे. घराच्या भिंतींतून, खिडकीच्या फटींतून ती वाट काढते, पण डोंगर तिला भेदवत नाहीं. महामार्गावर मनोरा असला तर नसरापुरास बोलणें सुरळीत चालेल. मार्गासनीवरून राजगडाच्या पायथ्याशीं गुंजवण्यास गेलें कीं मधल्या सोंडांची सांवली पडते. कंपन्यांचे पहिले मनोरे शहरांत व हमरस्त्यांवर उभे राहिले, कारण पैसा तेथें होता. खोऱ्यांतल्या माणसास घरांत वडील आजारी पडले असतां टेकडीवर चढून मुलास फोन करावा लागे, आणि तेवढ्या वेळांत दुखणाइताजवळ कोणी नसे. या यंत्राची स्तुति करतांना ही बाजू सहसा कोणी सांगत नाहीं.

सांवलींतल्या फोनाची बॅटरीहि लवकर उतरते. त्याचें कारण असें कीं मनोरा जवळ असला तर तो फोनास ‘हळू बोल’ म्हणून आज्ञा करतो व फोन कुजबुजतो. लांब असला तर फोनास आपल्या सगळ्या दोन वॅट शक्तीनें ओरडावें लागतें. आणि मनोरा मुळींच सांपडला नाहीं तर तो पुन्हा पुन्हा शोध करीत दमतो. उलट तोरण्याच्या माथ्यावर, साडेचार हजार फुटांवर, रेंज भरपूर मिळावी असें वाटतें. आणि कधीं कधीं मिळतेहि. पण तेथें दहा दिशांचे मनोरे एकदम ऐकूं येतात, आणि त्यांत एकाच सुराच्या दोन घंटाहि असतात. कारण वांटणी करणारानें माणूस जमिनीवर आहे असें धरलें होतें, ढगांत नव्हे. शिवाय या पद्धतींत ३५ किलोमीटरांपलीकडच्या मनोऱ्याशीं सहसा बोलतांच येत नाहीं. पट्टी भरलेली दिसली तरी फोनाचें उत्तर तेथवर जाईपर्यंत त्याची पाळी निघून गेलेली असते.

आतां ज्या बदलाचा आम्ही आरंभीं उल्लेख केला त्याच्याकडे वळूं. नंबर माणसाचा झाला याचा लाभ घरांतल्या कोणास सर्वांत अधिक झाला असेल तर तो, आमच्या मतें, सुनांस. पूर्वीं आईचा फोन सासूच्या हातांतून यावयाचा; बोलणें माजघरांत, चार माणसांच्या कानांदेखत व्हावयाचें. आतां तें स्वयंपाकघराच्या दारांत उभ्यानें, पण आपल्या आपण होऊं लागलें. वडिलधाऱ्यांस याचें वाईट वाटलें असल्यास तें समजण्यासारखें आहे. आम्हांस मात्र हा बदल इष्टच वाटतो. पण याची किंमत आहे. तारेचा फोन मुका राहिला तरी त्याची जागा ठाऊक असे. या फोनास जागाच नाहीं, म्हणून आपण कोठें आहों हें त्यास वेळोवेळीं सांगावेंच लागतें. न सांगेल तर घंटा वाजावयाची नाहीं. त्यांतून प्रत्येक बोलणें कोणत्या मनोऱ्यावरून झालें हें कंपनीच्या दप्तरीं राहतें, आणि पोलिस तपासांत तें काढून पाहतात.

येथें एका गोष्टीचा इशारा द्यावासा वाटतो, कारण वर्तमानपत्रांतून ‘मोबाईलवरून ठिकाण सांपडलें’ असें वाचून लोक त्यास दिव्यदृष्टि समजतात. ती नोंद माणसाच्या जागेची नसून ज्या मनोऱ्यानें त्याचा आवाज ऐकला त्या मनोऱ्याची असते. नुसत्या त्या नोंदीवरून शहरांत एखाद्या पेठेचा अंदाज बांधतां येईल. नसरापुराभोवतींच्या मोकळ्या मुलुखांत तेंच घर कित्येक किलोमीटरांचें असूं शकतें. आणि डोंगरांत तर जवळचा मनोरा सोंडेआड व दूरचा समोर, असें सहज घडतें. राजगडाच्या एका माचीवर बसलेल्या मुलाचें बोलणें पलीकडच्या खोऱ्यांतल्या मनोऱ्यानें उचललें, तर दप्तर म्हणेल कीं तो त्या खोऱ्यांत होता. मुलगा गडावर वाट चुकला आणि त्यास शोधावयाचें झालें, तर शोधणारांनीं प्रथम दिशा विचारावी. मनोऱ्याचें नांव मागाहून.

अशा प्रसंगीं उपयोगी पडणारी एक सोय या पद्धतींत पहिल्यापासून आहे. फोनावर कधीं कधीं ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ अशा अर्थाचे शब्द येतात आणि माणूस वैतागून फोन खिशांत टाकतो. त्या शब्दांचा अर्थ बहुधा असा असतो कीं तुमच्या कंपनीचा मनोरा ऐकूं येत नाहीं, परंतु दुसऱ्या कोणत्या तरी कंपनीचा येतो. त्या दुसऱ्या मनोऱ्यावर तुमचें नांव पाहुण्यांच्या वहींत नसलें तरी ११२ या नंबराची हांक तो घेऊं शकतो. तेवढ्यासाठीं बॅटरी राखून ठेवावी, आणि खोऱ्यांत शिरण्यापूर्वीं, नसरापूर सोडतांनाच, आपण कोणत्या वाटेनें जात आहों हें घरीं सांगून ठेवावें.